माहेरच्या कानटोप्या

माझी मोठी बहीण अमेरिकेतल्या एका लहानशा शहराची महापौर होती. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे नीट बघतो आणि मग शहराचं नाव विचारतो. नाव सांगितलं की त्याचा उत्साह मावळतो, कारण ते त्यानं कधी ऐकलेलंच नसतं. त्याचा दोष नाही. एक नदी, एक बंद पडलेला कारखाना, उंच पायांवर उभी पाण्याची टाकी, एक वाचनालय आणि चार-पाच चर्च, एवढंच ते गाव. आमच्या सिंगापूरच्या यिशुन भागातल्या काही ब्लॉकमधली, म्हणजे उंच इमारतींमधली माणसं खाली उतरवली तर तेवढी लोकवस्ती सहज भरेल.

पुण्यातल्या नातेवाइकांना मात्र 'महापौर' एवढा शब्द पुरेसा होता. त्यांच्या डोळ्यांपुढे गाडी, शिपाई, बंगला आणि गळ्यात हार. एका काकांनी तर मुलाच्या व्हिसाचं तेवढं बघ म्हणून फोन केला. ताई त्यांना म्हणाली, "काका, माझ्या अखत्यारीत फक्त रस्त्यावरचा बर्फ येतो, आणि तोही वेळेवर उचलला जात नाही." काकांना वाटलं, पद मिळालं आणि पोरगी बदलली.

खरं तर पदाचा थाट म्हणावा असं काहीच नव्हतं. कारभार बघायला पगारी अधिकारी होता. ताई दिवसा औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून उभी राहायची आणि संध्याकाळी महापौर व्हायची. अंगणातलं गवत स्वतः कापायची. बाजारात टोमॅटो निवडत असताना लोक तिला गाठून गटाराबद्दल बोलायचे. ती राजकारणात गेली तीसुद्धा ठरवून नाही. तिच्या मुलाच्या शाळेसमोर रस्ता ओलांडायला सिग्नल नव्हता. तो मागायला ती नगरपरिषदेच्या सभेत गेली. तिथे कुणाही नागरिकाला तीन मिनिटं बोलता येतं, मग घंटा वाजते. ताईचं बोलणं घंटेच्या आधी कधीच संपलं नाही, म्हणून ती पुढच्या सभेला गेली, त्याच्या पुढच्याही. सिग्नल लागला. पण तोवर तिला बाकीच्या गोष्टी दिसायला लागल्या होत्या. शेवटी तिथल्या एका म्हाताऱ्या नगरसेविकेनं तिला सांगितलं, सारखी येतेसच, तर टेबलाच्या या बाजूला येऊन बस. आधी बागांची समिती, मग नगरसेवक, मग महापौर. आमच्या घरात सोसायटीच्या सेक्रेटरीपदासाठीसुद्धा कुणी कधी उभं राहिलेलं नाही.

महापौर झाल्यावर तिनं एकच काम डोक्यात घेतलं. गावाच्या जुन्या भागात जमिनीखाली शिशाचे पाइप होते. त्या नळाचं, शिसं उतरलेलं पाणी मुलं पीत होती. पाइप बदलायचे तर रस्ते खणावे लागतात, आणि रस्ता खणला की लोक चिडतात, ते यिशुन असो की पुणे. पहिल्या चार वर्षांत निम्मे पाइप बदलून झाले. उरलेले निम्मे त्या बंद कारखान्याच्या बाजूला, जिथे भाड्यानं राहणारी, कधी सभेला न येणारी माणसं होती. तेवढ्यासाठी तिला आणखी चार वर्षं हवी होती. गेल्या वर्षीची निवडणूक ती त्यासाठी लढवत होती.

आता माझ्याबद्दल. मी नोव्हेनाला एका इस्पितळाच्या संगणक विभागात काम करते. नवऱ्याचं ऑफिस जुरोंग ईस्टला, मुलगी इथल्या शाळेत. नोकरीच्या पासवर, म्हणजे मुदतीच्या परवान्यावर राहणारी माणसं आम्ही. पासचं नूतनीकरण जवळ आलं की मी जेवताना बोलत नाही. लिफ्टचं दार उघडायला क्षणभर उशीर झाला तरी माझे मनातल्या मनात सगळ्यांना फोन करून झालेले असतात. नवरा म्हणतो, "तुला काळजी करायला काही मिळालं नाही तर त्याचीही काळजी वाटते." त्याचं म्हणणं खोटं नाही. ताई चव्हाट्यावर उभी राहणारी आणि मी खांबाआड उभं राहून तिच्यासाठी घाबरणारी. लहानपणापासून आमची वाटणी हीच आहे.

आई गेल्या ऑगस्टपासून माझ्याकडे होती. बाबा गेल्यापासून ती सहा महिने पुण्यात आणि सहा महिने माझ्याकडे असते. अमेरिकेला ती एकदाच गेली, तिथल्या थंडीत तिचे गुडघे धरले आणि तिनं पुन्हा नाव काढलं नाही.

ताईची सभा मंगळवारी संध्याकाळी असायची, म्हणजे आमच्याकडे बुधवारी सकाळी आठ. सभेचं चित्रण इंटरनेटवर थेट दिसतं. गावातले फारसे कुणी बघत नसावेत, पण यिशुनच्या नवव्या मजल्यावर आई आंघोळ करून, धुतलेली साडी नेसून लॅपटॉपपुढे बसायची. इंग्रजी तिला जेमतेम कळतं. ती ताईचं तोंड वाचायची. "आज ही जेवलेली नाही," ती म्हणायची. किंवा, "शेजारचा टकल्या हिच्या बाजूनं आहे, बघ, मान हलवतोय." मी बुधवारी उशिरा कामावर जायची परवानगी काढली होती.

नागरिकांच्या तीन मिनिटांना आम्ही दोघी घाबरायचो. हिरवं जाकीट घातलेला एक माणूस प्रत्येक सभेला यायचा. आवाज चढवायचा नाही. हसतमुखानं विचारायचा की महापौरबाईंना या गावाची माहिती आहे का, त्या इथे वाढलेल्या नाहीत म्हणून विचारतो. पाइपांची घाई का, रस्ते कुणासाठी खणताय, आमच्या आजोबांनी हेच पाणी पिऊन नव्वदी गाठली. आणि नियम असा की नागरिक बोलत असताना महापौरानं उत्तर द्यायचं नाही. फक्त ऐकायचं आणि शेवटी आभार मानायचे.

"ही बोलत का नाही?" आई दर वेळी विचारायची.

"बोलायचं नसतं गं. तसा नियम आहे."

"त्याला बोलता येतं आणि हिला नाही? मग महापौर कोण?"

ताई गप्प बसून ऐकायची आणि डाव्या कानाची पाळी दोन बोटांत धरायची. तिला लागलं की ती असं करते. शाळेत छडी खाल्ली तरी रडायची नाही, कान धरायची. आईनं ते माझ्या आधी हेरलं होतं. "कान धरला," ती हळूच म्हणायची आणि तिचा चहा तसाच राहायचा.

सप्टेंबरच्या एका रविवारी फोनवर ताई सहज बोलून गेली की पुढच्या महिन्यात घरोघर फिरायचं आहे, स्वयंसेवक भले आहेत पण वाऱ्यानं त्यांचे कान बधिर होतात. ती हसत सांगत होती. आईनं मात्र ते गाठीशी बांधलं. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "इथे लोकर कुठे मिळते?"

सिंगापूरमध्ये लोकर. बाहेर पाऊल टाकलं की पाठीवरून घामाची धार सुरू होते, तिथे लोकर. पण चायनाटाउनमधल्या एका जुन्या इमारतीत ती मिळालीही. ताईच्या प्रचाराच्या पाट्या निळ्या-पिवळ्या होत्या, म्हणून निळी आणि पिवळी. आईनं ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, ज्याला इथे व्हॉइड डेक म्हणतात, बैठक मांडली. आमच्यासारख्याच दोन घरांतल्या दोन आज्या तिला सामील झाल्या, एक ठाण्याची, एक नाशिकची. मग तिथे रोज बसणारी एक चिनी आमा, म्हणजे आजीबाई, नुसतं बघता बघता एक दिवस स्वतःच्या सुया घेऊन आली. तिला मराठी येत नव्हतं आणि या तिघींना चिनी. काठाला कसे टाके घातले की टोपी कानावर घट्ट बसते ते तिनं हातानं दाखवलं. आईनं तिला चकली दिली. संध्याकाळी मी कामावरून येताना चौघी पंख्याखाली मांडीवर लोकर घेऊन बसलेल्या दिसायच्या आणि खरं सांगते, तेवढा वेळ मला कसलीही काळजी वाटायची नाही.

पन्नासेक कानटोप्या झाल्या. आम्ही त्या खोक्यात भरून पाठवल्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्या गावात पोचल्या आणि तिथल्या सुगीच्या मिरवणुकीत ताईच्या सगळ्या स्वयंसेवकांच्या डोक्यावर दिसल्या. निळ्या-पिवळ्या टोप्यांत गोरी, काळी, तांबूस तोंडं आणि मधोमध ताई. तिनं तो फोटो प्रचाराच्या पानावर टाकला आणि खाली लिहिलं की या टोप्या माझ्या आईनं आणि तिच्या मैत्रिणींनी सिंगापुरात विणल्या आहेत. आईनं तो फोटो ठाण्याच्या, नाशिकच्या आणि चिनी अशा तिन्ही आज्यांना दाखवला. आमा बराच वेळ आपले काठाचे टाके शोधत होती.

ताईला कायदा माहीत नव्हता असं नाही. परदेशी माणसाकडून प्रचारासाठी पैसा किंवा वस्तू घ्यायची नाही, हा तिथला पक्का नियम. पुण्याच्या एका मामांनी मदत पाठवायची भाषा केली तेव्हा तिनंच त्यांना तो समजावून सांगितला होता. पण कानटोप्या आल्या तेव्हा तिच्या डोक्यात तो नियम आलाच नाही. माझ्याही नाही. नवऱ्याच्याही नाही, आणि तो तर भाडेकरार तीनदा वाचणारा माणूस. माहेरून आलेलं ते बाहेरून आलेलं, असं आमच्याकडे कुणी धरतच नाही. मुलगी कितीही लांब गेली तरी आईच्या हातचं तिच्याकडे पोचतं, ते लोणचं असो की गोधडी, आणि ते घरातलंच असतं. एवढी शिकलेली आम्ही सगळी, पण त्या खोक्याकडे कुणी परदेशी वस्तू म्हणून बघितलं नाही.

हिरव्या जाकिटानं बघितलं.

पुढच्या सभेत तो उठला, खिशातून कागद काढला आणि ताईचं तेच वाक्य वाचून दाखवलं. मग म्हणाला, महापौरबाईंच्या प्रचाराला परदेशातून मदत येते हे त्यांनी स्वतःच सांगितलं, प्रामाणिकपणाबद्दल आभार. घंटा वाजण्याआधीच तो खाली बसला. सभागृहात कुणीतरी हसलं. पडद्यावर ताईनं डावा कान धरला, आणि या वेळी तो सोडलाच नाही.

"काय म्हणाला?" आईनं विचारलं. तिच्या हातात सुया होत्या. ती दुसऱ्या खेपेच्या टोप्या विणत होती.

"नेहमीचंच," मी म्हटलं.

त्या दिवशी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मी फोन हातात धरून उभी होते. नोव्हेना आलं तरी उतरायचं सुचलं नाही, दोन स्टेशनं पुढे गेले. दुपारी ताईचा फोन आला, तिकडे मध्यरात्र उलटली होती. आवाज कोरडा होता, औषध कसं घ्यायचं ते सांगताना असतो तसा. वकिलाशी बोलणं झालं होतं. टोप्या सगळ्यांकडून गोळा करायच्या आणि परत पाठवायच्या. तक्रार झालीच तर परत केल्याचं सांगता यायला हवं. "तुमच्याकडच्या आता कृपा करून थांबव," ती म्हणाली.

"आईला काय सांगू?"

"खरं सांग."

"खरं सांग म्हणणं सोपं आहे. सांगायचं मला आहे."

मला तिचा राग आला, आणि तिच्यामागे ते हसणारं सभागृह होतं म्हणून तो बोलूनही दाखवता आला नाही.

मला का भीती वाटत होती ते सांगायला हवं. आईच्या लग्नात तिच्या माहेरून आलेला आहेर माझ्या आजीला, म्हणजे बाबांच्या आईला, पसंत पडला नव्हता. आजीनं तो गाठोडं बांधून परत धाडला. त्यानंतर चार वर्षं आईला माहेरी पाठवलं नाही. ताईच्या जन्माची बातमीसुद्धा तिकडे पत्रानं गेली. आमच्या घरात आहेर परत करणं म्हणजे काय हे आईनं आम्हाला कधी सांगितलं नाही, पण आम्हाला ते माहीत होतं. कुणी साधं पातेलं परत करायला आलं तरी आई ते रिकामं घेत नाही, रिकामं देतही नाही. आणि आता तिच्या हातचं सगळंच्या सगळं परत येणार होतं, तेही लेकीकडून.

मी दोन दिवस सांगितलं नाही. आई विणत होती, मी बघत होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हॉइड डेकवर नाशिकच्या आजीच्या मुलानं मला थांबवून विचारलं, टोप्यांची काहीतरी भानगड झाली का, त्यानं म्हणे कुठेतरी वाचलं. मी जवळजवळ पळतच वर गेले. दुसऱ्या कुणाकडून तिला कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

सांगितलं. आईनं सुया मांडीवर ठेवल्या.

"वापरलेल्यासुद्धा परत?"

"सगळ्या."

"आणि मी चकल्या पाठवल्या होत्या त्या?"

"चकल्या चालतात गं. त्या तिनं घरात खाल्ल्या. टोप्या प्रचाराला वापरल्या म्हणून."

"बरं," आई म्हणाली. अर्धी झालेली टोपी तिनं सुयांसकट पिशवीत घातली आणि भात लावायला उठली. मला वाटलं होतं ती चिडेल, रडेल, रक्तदाब वाढेल. मी तर गोळ्यासुद्धा पर्समध्ये ठेवल्या होत्या. तिनं भात लावला. पण त्या रविवारी ताईचा फोन आला तेव्हा ती न्हाणीघरात होती, आणि त्यापुढच्या रविवारी खाली फिरायला गेली होती. ताईनं दोन्ही वेळा विचारलं, "आई कुठे आहे?" मी दोन्ही वेळा खरं तेच सांगितलं आणि आई टाळतेय हे आम्हा दोघींनाही कळलं.

निवडणुकीच्या आधी वाचनालयात उमेदवारांची जाहीर सभा झाली. समोरचा उमेदवार घरं विकणारा, मोठ्या हसऱ्या दातांचा माणूस, हिरवं जाकीट त्याच्या मागच्या रांगेत. मला वाटलं होतं आई बघणार नाही. पण ती सकाळी धुतलेली साडी नेसून येऊन बसली. शाळेला सुट्टी होती म्हणून मुलगीही शेजारी येऊन बसली. टोप्यांचा प्रश्न येणार हे उघड होतं आणि तो आलाच.

ताई उभी राहिली. ती म्हणाली, माझी आई या देशाची नागरिक नाही. तिला हा नियम माहीत नव्हता. मला माहीत होता आणि मी विचार केला नाही. चूक माझी आहे, तिची नाही. टोप्या गोळा करून परत पाठवल्या आहेत. एवढंच बोलून ती पाइपांवर आली. त्यावर ती चांगली बोलली. कारखान्याच्या बाजूच्या कोणत्या रस्त्याखाली काय आहे ते तिनं घराघरानिशी सांगितलं. पण आमच्या घरात ते कुणी ऐकत नव्हतं.

"माझ्याबद्दल काय म्हणाली?" आईनं मला विचारलं.

मी शब्द जुळवत होते. तेवढ्यात मुलगी तिच्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "मावशी सेड, आजी इज नॉट अमेरिकन, सो कॅनॉट हेल्प लाह."

"म्हणजे?"

आता मला सांगावंच लागलं. "ती म्हणाली, तू त्या देशाची नाहीस."

आई पडद्याकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "हिच्या लग्नात सगळे मला सांगत होते, मुलगी म्हणजे परक्याचं धन, रडू नकोस. मी रडलेही नाही. मी परकी होईन हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं."

मी ताईची बाजू घ्यायला गेले. तिला तसं म्हणावंच लागलं, तुला वाचवायलाच ती म्हणाली, चूक स्वतःवर घेतली, सगळं सांगून झालं. आई म्हणाली, "मला कळतं ते. कळत नाही असं कुठे म्हटलं मी?"

निकालाच्या दिवशी मी रजा घेतली. तिकडे हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे केली होती, त्यामुळे आमच्याकडे सकाळी दहानंतर आकडे यायला लागले. आई देवापुढे निरांजन लावून बसली होती, पण पाठ लॅपटॉपकडे. आधी ताई पुढे होती. मग थोडीशी मागे. मग पडद्यावरचे आकडे बराच वेळ हललेच नाहीत आणि मी उगीचच भांडी घासली. शेवटी हलले तेव्हा ती हरली होती. फार थोड्या मतांनी. एखाद्या लग्नाच्या पंगतीत बसतील इतक्या.

टोप्यांमुळे हरली का? हा प्रश्न मी त्यानंतर कितीदा स्वतःला विचारला असेल त्याची गणती नाही. ताई म्हणते, लोक खणलेल्या रस्त्यांना कंटाळले होते, टोप्या नसत्या तरी हरले असते. नवरा म्हणतो, कुणालाच कळणार नाही, तेव्हा सोडून दे. नवीन महापौरानं जाहीर केलं की पाइपांच्या कामाचा फेरविचार होईल. फेरविचार म्हणजे काय ते आम्हा पुणेकरांना कुणी सांगायला नको. कारखान्याच्या बाजूची ती मुलं अजून तेच पाणी पीत असतील, आणि मला त्यांची तोंडंही माहीत नाहीत, तरी नळ सोडला की मला ती आठवतात.

आईनं निरांजन विझू दिलं आणि विचारलं, "हरली?"

"हो."

"जेवली असेल का?"

मी म्हटलं, तूच विचार, फोन लावून देते. ती नको म्हणाली.

निकालानंतर दहा-बारा दिवसांनी खोकं आलं. तेच खोकं होतं, आमच्याच हातच्या चिकटपट्ट्या लावलेलं, फक्त वर नवा पत्ता. मी कामावर होते. घरी आले तर आईनं ते उघडून टोप्या सतरंजीवर मांडल्या होत्या. ताईनं त्या सगळ्या धुऊन, घडी घालून पाठवल्या होत्या. तरी एकीत पिकला केस अडकलेला होता. एकीच्या काठाला वाळकं तांबडं पान होतं. एकीवर कुणीतरी गोंड्याच्या जागी बटण शिवलं होतं. आई एकेक उचलून बघत होती आणि मला कळेना ती शोधतेय काय. मी खोकं उलटं करून झटकलं. आत चिठ्ठी नव्हती. तळाशी कोरड्या मक्याच्या दाण्यांचं छोटं पाकीट होतं, लाह्यांचं, तिथल्या शेतातलं.

"रिकामं नाही पाठवलं," आई म्हणाली. बाकी काही नाही. मक्याचं पाकीट तिनं देवापाशी ठेवलं.

मग तिनं टोप्या उसवायला घेतल्या. मला वाटलं, संपलं. काहीतरी कायमचं मोडलं आणि आपण मधे उभं राहून ते बघत होतो. चार दिवस ती उसवत होती. मुलीच्या दोन्ही हातांवर लोकर गुंडाळून घेत होती, जशी आमच्या लहानपणी आमच्या हातांवर घ्यायची. चिनी आमाचे काठाचे टाके काही केल्या सुटेनात. ते तिनं खाली जाऊन तिच्याकडूनच सोडवून आणले. निळे आणि पिवळे गुंडे टोपलीत जमत गेले.

त्या रविवारी ताईचा फोन आला. मी नेहमीप्रमाणे आईच्या वतीनं काहीतरी सांगायच्या तयारीत होते, तर आईच येऊन माझ्या शेजारी बसली. पडद्यावर दोघी एकमेकींना बघत राहिल्या. ताई बारीक झाली होती. तिच्यामागे खिडकीत पांढरं दिसत होतं, पहिला बर्फ पडला होता.

"आता तू तिथे कोणी नाहीस ना?" आईनं विचारलं.

मी डोळे मिटले. हरलेल्या माणसाला त्याच्या आईनं विचारायचा हा प्रश्न नव्हे. ताईचं तोंड एकदम लहान झालं, छडी खाल्ल्यावर व्हायचं तसं. तिचा हात डाव्या कानाकडे गेला.

"जानेवारीपर्यंत आहे. मग नाही."

"आणि निवडणूक?"

"ती संपली, आई."

"मग आता मी पाठवलं तर चालेल? आता तर कुणाची हरकत नाही ना?" आईनं मांडीवरची टोपली उचलून कॅमेऱ्यापुढे धरली. पडदाभर नुसते निळे-पिवळे गुंडे. "एकच विणते. तुझ्यापुरती. सगळी लोकर उसवून ठेवलीय."

आईनं टोपली खाली घेतली तेव्हा दिसलं, ताईनं दोन्ही हातांनी दोन्ही कान झाकून घेतले होते आणि ती रडत होती. शाळेपासून आजवर मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

"पाठव," ती म्हणाली. "लवकर पाठव. कानांना फार गार लागतंय."